ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आयपी नको, नाव टाका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-वीस ते शंभर-दीडशे कॉम्प्युटरचं ऑफिस, वर्कशॉप, दवाखाना, सीएचं ऑफिस चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलंय, जिथे टॅली एका सर्व्हरवर असते, स्कॅन एका फोल्डरमध्ये पडतात, आणि प्रत्येक पीसीवर कुणीतरी कधीतरी १९२.१६८.१.१० असा आयपी (नेटवर्कमधला मशीनचा आकडी पत्ता) टाकून ठेवलेला असतो. खाली नावं आणि कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आयपी टाकून सगळं मस्त चाललंय की, मग बदलायचं कशाला?

चाललंय हे खरंय, पण आयपी बदलायची वेळ येते आणि ती आपल्याला विचारून येत नाही. इंटरनेटवाला बदलला की तो स्वतःचा राऊटर आणून लावतो आणि त्याची रेंज (पत्त्यांचा सुरुवातीचा भाग) १९२.१६८.० निघते. सर्व्हर जुना होतो, नवा येतो, दोन्ही महिनाभर एकत्र चालवायचे असतात. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे दुसरी ब्रँच.

समजा भोसरीला ऑफिस आहे, चाकणला नवीन युनिट टाकलं. दोन्हीकडे राऊटर खोक्यातून काढला तसाच लावलेला, म्हणून दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच रेंज. आता चाकणच्या लोकांना भोसरीची टॅली दिसायला पाहिजे म्हणून व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खाजगी मार्ग) टाकायचं ठरतं. चाकणचा पीसी १९२.१६८.१.१० शोधायला जातो तेव्हा तो पत्ता त्याला स्वतःच्याच नेटवर्कमधला वाटतो, तो शेजारपाजारीच हाका मारत बसतो, पॅकेट राऊटरकडे जातच नाही, मग व्हीपीएनमधून पलीकडे कसं जाणार. नॅट करून, म्हणजे राऊटरमध्ये वाटेतच पत्ते बदलून, तात्पुरतं भागवता येतं पण ते पुढे सांभाळणाऱ्याचे हाल होतात. खरा उपाय एकच, एका बाजूची रेंज बदलायची. आणि रेंज बदलायची म्हटलं की कळतं की जुना पत्ता किती ठिकाणी लिहिलाय हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही, अकाउंटच्या मॅडमच्या एक्सेलमध्ये आहे, झेरॉक्स मशीनमध्ये आहे, सोडून गेलेल्या मुलाने लिहिलेल्या बॅकअपच्या बॅच फाइलमध्ये आहे.

सगळीकडे नाव टाकलेलं असतं तर आयपी फक्त डीएनएसमध्ये (नाव विचारलं की आयपी सांगणारी सेवा) एका ओळीत असता. ती ओळ बदलली की काम झालं.

म्हणजे सर्व्हरचा फिक्स आयपी काढून टाकायचा? डीएचसीपीवर (मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय) सोडायचा?

नाही नाही, हा गैरसमज फार आहे. सर्व्हरला, प्रिंटरला, एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) आयपी ठरलेलाच राहू द्या. सर्व्हरला हाताने टाका, बाकीच्यांना डीएचसीपीमध्ये मॅक ॲड्रेसवर (मशीनचा हार्डवेअरचा पत्ता) रिझर्व्हेशन करा, म्हणजे यादी एका जागी राहते. मुद्दा एवढाच की तो आयपी *दुसऱ्या कुणी* लिहून ठेवायचा नाही. लोकांनी, प्रोग्रामनी, शॉर्टकटनी फक्त नाव वापरायचं.

नाव काय ठेवायचं?

कामाचं नाव ठेवा, मशीनचं नको. टॅली, फाइल्स, स्कॅन, हजेरी, बॅकअप. "सर्व्हर२०१९" असं ठेवलं तर उद्या त्या जागी नवीन सर्व्हर आला की नाव खोटं पडतं. मशीनला स्वतःचं वेगळं नाव असू दे, एसआरव्ही०१ वगैरे, त्याची ए रेकॉर्ड (नावावरून आयपी देणारी नोंद) करा, आणि कामाची नावं सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) करून त्याच्याकडे वळवा. आज टॅली आणि फाइल्स एकाच मशीनवर असतील, उद्या टॅली वेगळ्या मशीनवर नेली तर एकच सीनेम बदलायचा, फाइल्सवाल्यांना पत्ताही लागणार नाही.

नावात अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते. अंडरस्कोर टाळा, कुठलं तरी जुनं सॉफ्टवेअर त्यावर हमखास अडतं. विंडोज मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, जुन्या नेटबायोसची मर्यादा तेवढीच आहे.

एक सावधगिरी, ऑफिसात ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांचं लॉगिन एका जागी सांभाळणारी विंडोजची सोय) असेल तर फाइल सर्व्हरला नुसता सीनेम देऊन थांबू नका. त्या दुसऱ्या नावाची एसपीएन नोंद (हे नाव याच सर्व्हरचं आहे हे सांगणारी) नसते, त्यामुळे केर्बेरॉस, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या नेहमीच्या पद्धतीचं लॉगिन होत नाही. सर्व्हरवर नेटडॉम कमांडने ते नाव पर्यायी नाव म्हणून जोडायचं, म्हणजे डीएनएस आणि एसपीएन दोन्ही नोंदी होतात.

नावाच्या शेवटी काय लावायचं? .लोकल लावलेलं बरेच ठिकाणी बघितलंय.

बघितलंय कारण मायक्रोसॉफ्टचं स्मॉल बिझनेस सर्व्हर वर्षानुवर्षं तेच सुचवायचं. पण २०१३ साली .लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं गेलं, म्हणजे ॲपलचे मॅक आणि बरेच लिनक्स मशीन .लोकल बघितलं की तुमच्या डीएनएस सर्व्हरला न विचारता नेटवर्कवर ओरडून विचारतात. मग विंडोजवर उघडतं, मॅकबुकवर उघडत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. नवीन काही करताना .लोकल नकोच.

मनाने काहीतरी ठोकून देऊ नका. बऱ्याच डेव्हलपर लोकांनी आतल्या कामाला .डेव्ह वापरलं होतं, ते पुढे गूगलकडे गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं, एका अपडेटमध्ये लोकांच्या आतल्या साइट उघडायच्या बंद झाल्या.

सगळ्यात चांगलं म्हणजे कंपनीचं जे डोमेन मेलसाठी विकत घेतलेलंच आहे त्याचंच सबडोमेन करा, ऑफिस.तुमचीकंपनी.कॉम, आणि त्याखाली टॅली.ऑफिस.तुमचीकंपनी.कॉम. ते तुमच्या मालकीचं आहे, उद्या कुणी घेऊन जाणार नाही. डोमेन नसेलच तर .इंटर्नल वापरा, आयकॅनने (जगभरातल्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) जुलै २०२४ मध्ये ते खाजगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलंय.

डीएनएस सर्व्हर कुठे चालवायचा? वेगळं मशीन घ्यावं लागेल का?

ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर डीएनएस आधीपासून चालूच आहे, त्यात रेकॉर्ड टाका. नसेल तर राऊटर बघा, मायक्रोटिकमध्ये स्टॅटिक डीएनएस नोंदी टाकता येतात, पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्समध्ये होस्ट ओव्हरराइड आहे. इंटरनेटवाल्याने दिलेल्या फुकटच्या राऊटरमध्ये बहुतेक वेळा ही सोय नसते. मग जुन्या पीसीवर लिनक्स टाकून डीएनएसमास्क चालवा, तीस-चाळीस नावांसाठी ते भरपूर झालं.

पब्लिक डीएनएसमध्येच १९२.१६८ चा आयपी टाकून द्यायचा असाही एक मार्ग लोक वापरतात. चालतो. पण काही राऊटर आणि डीएनएस सेवा बाहेरून आलेला खाजगी आयपी संशयास्पद समजून टाकून देतात, रीबाइंडिंग प्रोटेक्शन म्हणतात त्याला, आणि इंटरनेट गेलं की आतली टॅलीही सापडत नाही. म्हणून माझं मत, आतल्या नावांचे आयपी आतल्या डीएनएसनेच सांगू द्या.

प्रायमरीला आपला डीएनएस आणि सेकंडरीला गूगलचा ८.८.८.८ टाकलं तर काय बिघडलं? आपला पडला तर इंटरनेट तरी चालेल.

हे मी इतक्या ऑफिसात बघतो की याच्यावर जरा सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं पहिल्याकडे नाव मिळालं नाही की पीसी दुसऱ्याला विचारतो. तसं होत नाही. "असं नाव नाही" हेही पूर्ण उत्तरच आहे, ते मिळालं की पीसी तिथेच थांबतो. दुसऱ्याकडे तो तेव्हाच जातो जेव्हा पहिल्याकडून उत्तरच येत नाही. आणि पहिला क्षणभर जरी अडखळला, रीस्टार्ट झाला, अपडेटमध्ये अडकला, की पीसी ८.८.८.८ कडे सरकतो आणि बराच वेळ तिकडेच राहू शकतो. आता गूगलला तुमच्या टॅलीचं नाव कुठून माहीत असणार, तो सांगतो असं नावच नाही, पीसी ते मान्य करतो, वर ते "नाही" थोडा वेळ लक्षातही ठेवतो. म्हणजे सर्व्हर चालू, नेट चालू, शेजारच्या टेबलावर टॅली चालू आणि एकाच पीसीवर "सर्व्हर सापडत नाही". मग कुणीतरी वैतागून तिथे परत आयपी टाकतं आणि म्हणतं डीएनएसवर भरवसा नाही.

क्लायंटवर जे जे डीएनएस सर्व्हर टाकाल त्या सगळ्यांना तुमची आतली नावं माहीत असलीच पाहिजेत. ८.८.८.८ टाकायचं असेल तर ते तुमच्या डीएनएस सर्व्हरमध्ये फॉरवर्डर (बाहेरची नावं ज्याला विचारायची तो) म्हणून टाका, पीसीवर नाही. आणि आतले डीएनएस दोन ठेवा. डीएचसीपीच्या ऑप्शन ६ मध्ये दोघांचे आयपी दिले की प्रत्येक पीसीवर हात लावायची गरज नाही.

होस्ट्स फाइलमध्ये (प्रत्येक पीसीवरची नावं आणि आयपींची साधी यादी) टाकलं तर नाही का चालणार?

दोन पीसी असतील तर चालेल. त्यापुढे नको. खरं तर सगळं इंटरनेटच एकेकाळी होस्ट्स फाइलवर चालायचं, अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम एकच यादी सांभाळायची आणि सगळे ती उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी ती यादी जुनी राहायला लागली, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. ज्या त्रासातून जग तेव्हा बाहेर पडलं तोच त्रास तीस पीसींवर परत कशाला आणायचा. वर होस्ट्स फाइल डीएनएसच्या आधी बघितली जाते, त्यामुळे एखाद्या पीसीवर जुनी ओळ राहिली तर डीएनएसमध्ये काहीही बदला, तो पीसी ऐकणारच नाही.

जुने आयपी कुठे कुठे लिहिलेत ते शोधायचं कसं?

हेच खरं काम आहे, डीएनएस उभा करणं तासाभराचं असतं. टॅलीपासून सुरू करा, क्लायंटच्या टॅली.आयएनआय फाइलमध्ये डेटा पाथची ओळ आणि गेटवे सर्व्हरची ओळ बघा, ९९९९ पोर्ट दिसेल त्याच्या आधी आयपी असतो. मग प्रत्येक पीसीवर नेट यूज कमांड मारा, मॅप केलेले ड्राइव्ह दिसतील. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब, तिथे होस्टनेम टाकता येतं पण सगळ्यांनी आयपीच टाकलेला असतो. ओडीबीसीच्या डीएसएन (डेटाबेसला जोडायची सेटिंग), डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, टास्क शेड्युलरमधल्या बॅच फाइल, ब्राउझरचे बुकमार्क.

एक्सेल मात्र विसरू नका. अकाउंटला एक मोठी शीट असते जी दुसऱ्या पाच फाइलमधून आकडे ओढते, आणि त्या लिंकमध्ये दोन उलट्या रेघा आणि आयपी असा पूर्ण पाथ बसलेला असतो. आयपी बदलला की शीट उघडते, आकडेही दिसतात, पण ते शेवटचे साठवलेले जुने आकडे असतात आणि वर छोटीशी सूचना येते जी लोक बंद करून टाकतात. डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स उघडा, चेंज सोर्स करून नावाचा पाथ द्या, आणि मॅडमसमोर बसून एक आकडा सोर्स फाइलशी जुळवून बघा.

पीसीबाहेर जी मशीन असतात ती लोकांना आठवतच नाहीत. झेरॉक्सचं स्कॅन टू फोल्डर, बायोमेट्रिक हजेरी, राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएसचं कार्ड, मोबाइलमधलं कॅमेऱ्याचं ॲप.

सर्व्हर बदलायच्या दिवशी नेमकं काय करायचं?

त्या नावाचा टीटीएल आदल्या दिवशीच कमी करा. टीटीएल म्हणजे मिळालेलं उत्तर पीसीने किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा. विंडोज डीएनएसमध्ये तो साधारण ३६००, म्हणजे तासभर असतो, तो ३०० करा. बदलायच्या दिवशी कमी करून उपयोग नाही कारण पीसींनी जुना तासाचा टीटीएल आधीच उचललेला असतो. मग डेटा हलवा, रेकॉर्ड बदला, दोन-चार पीसींवर एनएसलुकअप मारून नवीन आयपी येतोय का बघा. सगळं स्थिर झालं की टीटीएल परत तासाचा करा.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका पण त्यावर लिहायची परवानगी काढून टाका, नाहीतर अर्धी एंट्री इकडे अर्धी तिकडे होईल. आणि जुन्या सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स उघडून बसा. जो पीसी तिथे दिसेल तो अजून जुन्या पत्त्यावर येतोय, म्हणजे त्याच्यात कुठेतरी आयपी राहिलाय. ही यादी सोन्यासारखी असते, तुमच्या शोधमोहिमेतून सुटलेलं सगळं इथे पकडलं जातं.

रेकॉर्ड बदलली, तरी एक पीसी जुन्याच सर्व्हरकडे जातोय.

आधी होस्ट्स फाइल बघा. मग आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस. तरी नाही तर चालू कनेक्शन असणार, नाव एकदाच विचारलं जातं, जोडणी झाली की ती तुटेपर्यंत त्याच आयपीवर राहते, म्हणून लॉगऑफ करून परत या. काही प्रोग्राम सुरू होतानाच नावाचा आयपी विचारून घेतात आणि बंद होईपर्यंत तोच धरून बसतात, एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये असंच होतं, ते रीलोड करावं लागतं.

आमच्या हजेरीच्या मशीनमध्ये / सीएनसीच्या कंट्रोलरमध्ये नाव टाकायची सोयच नाही, चार आकड्यांचीच जागा आहे.

असतात अशी मशीन, आणि ती अजून पंधरा वर्षं चालणार आहेत. त्यांच्यासाठी सर्व्हरला एक वेगळा जादाचा आयपी द्या, फक्त अशा मशीनसाठी. सर्व्हर बदलला की तो आयपी नवीन सर्व्हरवर न्यायचा, मशीनला हात लावायचा नाही. फक्त विंडोज असे जादाचे आयपीही स्वतःच्या नावाने डीएनएसमध्ये नोंदवतं, ते नको असेल तर आयपी जोडताना स्किप ॲज सोर्स चालू करा. आणि या मशीनची यादी लेखी ठेवा, पॅनलच्या दाराच्या आत चिकटवली तरी चालेल.

आणि डीएनएसच पडला तर? आयपी असता तर निदान काम चालू राहिलं असतं.

शंका रास्त आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास बंद होतं, नेटवर्कच्या चुकीमुळे त्यांचे डीएनएस सर्व्हर जगापासून तुटले, आणि दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची स्वतःची आतली साधनंही नावांवरच चालत असल्याने तीही बसली. त्यातून घेण्यासारखं हे की ज्या गोष्टी वापरून डीएनएस दुरुस्त करायचा त्या डीएनएसवर अवलंबून नकोत. डीएनएस सर्व्हरचा पत्ता, गेटवे, स्विचचं मॅनेजमेंट, सर्व्हरचं आयएलओ किंवा आयपीएमआय (सर्व्हर लांबून चालू-बंद करायची सोय), फायरवॉलमध्ये शिरायचा पत्ता, हे आयपीनेच ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा. बाकी रोजच्या वापरासाठी दोन डीएनएस, दोन वेगळ्या मशीनवर. दोन्ही एकाच होस्टवरचे व्हर्च्युअल मशीन असतील तर ते दोन नाहीत, एकच आहे.

घरून व्हीपीएन लावलं की नाव लागत नाही, आयपी लागतो.

व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ऑफिसचा डीएनएस दिलेला नाही, घरच्या राऊटरचाच वापरला जातोय. तो व्हीपीएनमधून द्या. आणि पूर्ण नाव टाका, टॅली.ऑफिस.तुमचीकंपनी.कॉम. नुसतं "टॅली" ऑफिसात चालतं कारण डीएचसीपी पीसीला मागचं शेपूट देतं, घरी ते शेपूट मिळेलच असं नाही. कुणी ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू करून बाहेरचा प्रोव्हायडर निवडला असेल तर ब्राउझर ऑफिसच्या डीएनएसला विचारणारच नाही, तेही बघा.

आतल्या वेबसाइटवर ब्राउझर सारखं "नॉट सिक्युअर" म्हणतो, नावाने ते जाईल का?

१९२.१६८ च्या आयपीला कुठलीही सार्वजनिक सर्टिफिकेट संस्था सर्टिफिकेट देत नाही, असल्या आतल्या पत्त्यांना देणं नोव्हेंबर २०१५ पासून बंद आहे. तुमच्या स्वतःच्या डोमेनचं नाव असेल तर मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट संस्थेचं डीएनएस चॅलेंज (डीएनएसमध्ये नोंद टाकून डोमेन आपलं असल्याचं दाखवणं) वापरा, सर्व्हर बाहेर उघडा करावा लागत नाही आणि फुकट आहे. फक्त सार्वजनिक सर्टिफिकेटची नावं जाहीर लॉगमध्ये येतात, म्हणून वाइल्डकार्ड (सबडोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच सर्टिफिकेट) घेतलेलं बरं, आतली नावं जगाला कशाला दाखवा.

आयपीने शेअर उघडण्यात सुरक्षेचा काही फरक पडतो का?

वर्कग्रुप असेल, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी नसेल, तर विशेष नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पडतो. आयपी टाकला की नेहमीच्या सेटिंगमध्ये केर्बेरॉस वापरलं जात नाही, विंडोज एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीवर उतरतं. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएम कालबाह्य म्हणून जाहीर केलंय, एक दिवस ते बंद करायची वेळ येईल आणि तेव्हा आयपीवाले सगळे ड्राइव्ह अडतील.

नावाने स्लो होतं का?

नाही. आतलं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतं आणि नंतर कॅशमधून.

आमचा सॉफ्टवेअर वेंडर म्हणतो आयपीच लागतो, नाहीतर सपोर्ट देणार नाही.

आधी त्याला विचारा की नेमक्या कुठल्या स्क्रीनवर नाव चालत नाही, ती दाखव. बहुतेक वेळा त्या रकान्यात नाव टाकलं की चालतं, इन्स्टॉल करणाऱ्या मुलाला आयपी टाकायची सवय असते इतकंच. खरंच चालत नसेल तर वर सांगितलेला जादाचा आयपी त्याला द्या, सर्व्हरचा मूळ आयपी नको. आणि पुढच्या वेळी एएमसी रिन्यू करताना एक ओळ घालून घ्या की सर्व्हरचा पत्ता सेटिंगमधून, नावाने, ग्राहकाला स्वतः बदलता आला पाहिजे. आयपी बदलला म्हणून व्हिजिट चार्ज लावणारे वेंडर आहेत, ती ओळ असली की तो खर्च तुमच्याकडे येत नाही.